दोन फड आणि एक रिकामे नाट्यगृह

नाटक-सिनेमाविषयी मराठीत आज जे काही लिहिले जाते त्यातले बरेचसे हौशी मंडळींचे असते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. वृत्तपत्रांतील नाट्यसमीक्षेचे रकाने आक्रसत गेले, नियतकालिके मिटली किंवा अनियमित झाली, आणि ‘नुकतेच पाहिलेले’ अशा मथळ्याखाली पोटापाण्याचा दुसराच उद्योग सांभाळणारी माणसे लिहू लागली. आम्हीही त्यांपैकीच. अंबाजोगाईत शिकवतो, सुट्टी पाहून लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतो, दोन दिवसांत दोन नाटके आणि जमल्यास एखादा चित्रपट पदरात पाडून घेतो, आणि परतल्यावर आठवडाभर त्यावर बोलत व लिहीत राहतो. तेव्हा पुढे जे म्हणायचे आहे ती बाहेरच्याने केलेली टवाळी नव्हे. हा घरातलाच वाद आहे.

वाद एका वाक्याशी आहे. बीड जिल्ह्यातून लिहिल्या गेलेल्या अशा टिपणांचा क्रम आता ठरून गेला आहे. आधी कथानक, मग नटांची नावे आणि प्रत्येकाला एकेक विशेषण, मग ‘नेपथ्य आशयाला पूरक’ आणि ‘प्रकाशयोजना परिणामकारक’ हे दोन शिक्के, त्यानंतर तिथल्या प्रेक्षकांच्या दर्दीपणाचे कौतुक, आणि अखेरीस एक सुस्कारा : आपल्याकडे असा रसिक कुठे? हा सुस्कारा वाचणाऱ्याला निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तो एक निकाल असतो, आणि तो निकाल फार लोकांच्या सोयीचा असतो. निर्मात्याला दौऱ्यातून बीड वगळायला तो कारणी पडतो, पालिकेला नाट्यगृहाची डागडुजी पुढे ढकलायला उपयोगी येतो, आणि महाविद्यालयाला नाट्यशिबिराचा खर्च वाचवायला. त्या निकालावर सही मात्र आपली असते, म्हणजे इथल्याच लिहित्या माणसाची.

बीडला प्रेक्षक नाही हे विधान कशावरून ठरले? नाट्यगृहातल्या रिकाम्या खुर्च्यांवरून. त्या खुर्च्या कोणत्या महिन्यात मोजल्या, हे कुणी विचारत नाही. मराठी नाटकाचा हंगाम नागरी दिनदर्शिकेप्रमाणे चालतो. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मग सुखद थंडीतले दौरे. राज्य हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालत आली आहे. तिची प्राथमिक फेरी अलीकडच्या वर्षांत साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरात पडते. आणि नेमक्या याच महिन्यांत बीड जिल्हा घरी नसतो. दसरा-दिवाळी उरकली की या जिल्ह्यातून काही लाख माणसे ऊसतोडीला निघतात. सांगली-कोल्हापूरकडे, सोलापूर-पुण्याकडे, सीमा ओलांडून कर्नाटकात. कारखान्यांचे गाळप संपून ती परततात तेव्हा गुढीपाडवा आलेला किंवा होऊन गेलेला असतो. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या तालुक्यांतल्या कित्येक वस्त्यांवर त्या काळात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि कुलपे एवढेच शिल्लक असते. या दिवसांत बीडच्या नाट्यगृहात जाऊन खुर्च्या मोजायच्या आणि अभिरुचीविषयी निष्कर्ष काढायचा, हा प्रकार घरात कुणी नसताना दार ठोठावून घरमालक उर्मट असल्याचे जाहीर करण्यासारखा आहे.

आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ १८ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची, तिथल्या हनुमंत केंद्रे यांच्या धडपडीची ही गोष्ट. पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला आधीच मिळालेला होता. आम्ही तो मोजक्या प्रेक्षकांत पाहिला. आमच्या एका मित्राने लगेच लिहून टाकले की टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्याला आपल्याच तहानेवरचा चित्रपट पाहावासा वाटत नाही. वाक्य चटकदार आहे, पण खोटे आहे. तो पंधरवडा दिवाळीच्या तोंडावरचा, विधानसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीचा आणि मुख्य म्हणजे मुकादमाकडून घेतलेली उचल संपत आलेली असताना खोपीची ताडपत्री, भांडी, ज्वारीचे पीठ आणि लहान लेकरू यांची बांधाबांध करण्याचा होता. त्या चित्रपटातल्या माणसांसारखी माणसे त्या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसण्याच्या तयारीत होती. चित्रपटाकडे पाठ फिरवायला आधी त्याच्यासमोर उभे राहण्याइतकी उसंत लागते.

याच जिल्ह्यात एक दुसरी रंगभूमी आहे, आणि तिला हे सारे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो. पण त्याची खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या जत्रांची असते, गावी परतलेल्या माणसांच्या गाठीला चार पैसे असतात तेव्हाची. बीडच्या बोलण्यात ‘फड’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक उसाचा, एक तमाशाचा. एका फडातली कोयत्याची कमाई दुसऱ्या फडाच्या तिकीटबारीवर येते, हे तमाशाच्या मालकाला शिकवावे लागत नाही. तंबूतल्या फिरत्या सिनेमालाही ते कळत होते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातल्या जत्रांमागे आपली जुनी यंत्रे घेऊन फिरणारे तंबूवाले दिसतात. तो माहितीपट कान महोत्सवात नावाजला गेला. आमच्याकडच्या टिपणांत मात्र तंबूचा उल्लेख आलाच तर तो बालपणीची गंमत म्हणून येतो. वितरणाची एक शहाणी पद्धत म्हणून कधीच नाही.

खुर्च्यांच्या हिशेबात आणखी एक बाब धरली जात नाही, ती शेवटच्या एस.टी.ची. नऊ-साडेनऊला घंटा होणारे नाटक साडेबाराच्या सुमारास सुटते. खेड्यावर मुक्कामी जाणारी गाडी त्याआधी कितीतरी वेळ गेलेली असते. म्हणजे नाट्यगृहात येऊ शकतो तो शहरातला, स्वतःचे वाहन असलेला, चौघांच्या तिकिटांचे दीडदोन हजार सहज काढू शकणारा. जिल्ह्यात असा वर्ग लहान आहे आणि तो हल्ली पुण्यातल्या मुलाकडे गेल्यावर तिथेच नाटक पाहून घेतो. (बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. सारे गाव फलाटावर लोटले होते म्हणतात. नाटकवाल्यांना तिचा उपयोग नाही, ते आपल्या बसनेच येतात. पण गर्दी कशी जमते याचा अभ्यास करायला हरकत नाही.)

कुणी म्हणेल, तमाशाचा आणि जत्रेचा प्रेक्षक निराळा. गंभीर नाटकाला लागतो तो कान निराळा. हा आक्षेप आम्हांला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो करणाऱ्यांनी अखंड हरिनाम सप्ताह पाहिलेला असूनही विचारात घेतलेला नसतो. गावोगावी सात-सात दिवस चालणाऱ्या त्या मांडवांत हजारभर माणूस जमिनीवर मांडी घालून दोन तास एका माणसाचे कीर्तन ऐकतो. निरूपणातला युक्तिवाद ऐकतो, दृष्टान्तातली सोंगे ओळखतो, कीर्तनकाराने प्रमाण चुकवले तर कुजबुजतो. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ २०१७ मध्ये रंगभूमीवर आले; आम्ही ते पाहिले पुण्यात. आवलीच्या पायातला काटा खुद्द विठ्ठलाने काढला या कथेवर ते नाटक उभे आहे. मध्यंतरात शेजारच्या सुविद्य गृहस्थांनी ही कथा कुठून काढली असेल याविषयी कुतूहल व्यक्त केले. शिरूर कासारच्या मांडवातल्या कुठल्याही आजीने त्यांना ती काट्यासकट सांगितली असती, आणि रखुमाई आवलीच्या घरी राहायला येते तेव्हा नाटककाराने परंपरेशी नेमकी काय खोडी काढली आहे हेही तिला पुण्याच्या प्रेक्षकाआधी कळले असते. या नाटकाला सर्वांत तयारीचा श्रोता कुठे आहे? आम्ही मात्र परतल्यावर लिहिले ते पुणेकरांच्या रसिकतेविषयी.

बीडमधल्या उर्दू-दखनी ऐकणाऱ्यांचाही हिशेब कुणी धरत नाही. मुशायऱ्यात मध्यरात्र उलटली तरी एखाद्या मिसऱ्याची पुनरावृत्ती मागणारा श्रोता याच शहरातला. मराठी टिपणकाराच्या वहीत त्याच्यासाठी पान नाही.

आता संमेलनाविषयी. ८९ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन २००९ मध्ये बीडला झाले; अध्यक्ष होते रामदास कामत. ‘मत्स्यगंधा’तला पराशर गाजवणारा हा गायक-नट अध्यक्षपदी बसला याचा आनंदच होता. त्याआधी १९८३ मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्यसंमेलन झाले होते. अशा प्रसंगी स्वागताची भाषणे आद्यकवी मुकुंदराजांपासून सुरू होतात, दासोपंतांच्या पासोडीला वंदन करतात आणि तिथून एकदम चालू शतकात उडी मारतात. मधल्या काळात या भूमीने काय पाहिले, काय ऐकले, याविषयी वक्त्याला काही ठाऊक नसते. त्याला दोष तरी काय द्यावा? मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता, पुण्या-मुंबईच्या नाटकमंडळ्यांच्या इतिहासात तो कडेला पडलेला आहे, आणि इथल्या माणसाने इथे पाहिलेल्या प्रयोगाविषयी लिहून ठेवलेले फारसे हाताशी लागत नाही. संमेलन ही पंगत आहे, ती उठते. नाट्यगृह ही चूल, ती रोज पेटवावी लागते. २०२४ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली शंभरावे संमेलन सुरू झाले, तेव्हा आम्ही काही विद्यार्थ्यांना २००९ च्या बीड संमेलनातल्या प्रयोगांविषयी लिहिलेले शोधायला सांगितले. त्यांच्या हाती भाषणांचे वृत्तान्त, सत्काराच्या बातम्या आणि नेत्यांची छायाचित्रे लागली. कोणते नाटक कसे रंगले, प्रेक्षक कुठे हसला, कुठे उठून गेला, यावर एक परिच्छेदही सापडला नाही. त्या तीन दिवसांत टिपणे लिहिणारी मंडळी मांडवात नक्कीच होती.

भाषेचा मुद्दा याहून गंभीर आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने उभे केले, आणि मराठवाड्याची बोली महाराष्ट्रभर नेली. त्यातले हसू आतले होते. काशिनाथ असो की बबन्या, त्या माणसांच्या बोलण्यावर देशपांडे हसत नव्हते. त्यांच्या बोलण्यातून ते लंडनला, विमानाला, प्रतिष्ठेला हसत होते. पुढे हा प्रयोग आमच्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी हाती घेतला आणि तो जिवंत ठेवला. पण त्या लोकप्रियतेतून चित्रपटांनी भलताच धडा घेतला. दोन हजारच्या दशकातल्या मराठी विनोदी चित्रपटांत मराठवाड्याच्या वळणाची बोली ही विनोदाची खूण झाली. मकरंद अनासपुरे यांच्यासारख्या कसबी नटाने तिच्यात पुष्कळ प्राण ओतला हे खरे. पण पटकथालेखकांनी तिला फसवणूक करणारा, फसणारा किंवा बावळट यांच्यापलीकडे काम दिले नाही. नंतर नंतर तर ती बोलीही उरली नाही. ‘लई’ आणि ‘व्हय’ पेरले की मराठवाडा झाला, अशी समजूत रूढ झाली. ‘काय करायलास?’, ‘जेवायलो’, ‘पाऊस पडायलाय’ हे चालू वर्तमानकाळाचे सबंध रूप, जे बीड-परभणी-लातूर-नांदेडात घराघरांत वापरले जाते, ते पडद्यावर क्वचित ऐकू येते. आणि आले तर वर्गात आमचे काही सहाध्यापक ते अशुद्ध म्हणून खोडतात. आणि टिपणात काय लिहिले जाते? ‘खास मराठवाडी ठसका’. ठसका हा मिरचीला असतो. भाषेला व्याकरण असते.

बोलीत वाद घालता येतो, इतिहासाची उलटतपासणी करता येते, हे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने २०१२ मध्ये दाखवून दिले. संकल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची, लेखन जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि रंगमंचावर शेतीशी नाळ असलेली जालन्याची पोरे. यम शिवाजीराजांना न्यायला येतो आणि मग राजांचा जिरेटोप नेमका कुणाच्या डोक्याला बसतो याचा शोध सुरू होतो. त्या प्रयोगात प्रेक्षक बोलीला हसत नाही, बोलीने केलेल्या कोटिक्रमाला हसतो. हा फरक सांगणे हे समीक्षेचे काम होते. आम्ही वाचलेल्या बहुतेक टिपणांनी विषयाचे धाडस आणि गाण्यांचा जोश यांवर भागवले.

विषयाला गुण देण्याची ही खोड एकांकिकांच्या बाबतीत तर फारच बळावली आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्याआधी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलांमागे मुलींचे प्रमाण हजारास ८०७, राज्यात सर्वांत कमी, ते याच जिल्ह्यात. साहजिकच शहरांतल्या स्पर्धांतून बीड दिसू लागले. कोयता हाती घेतलेली, विस्कटल्या केसांची, किंचाळणारी बाई आणि मागे लाल प्रकाश. मग डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि ‘बीड’ हे नावच एक नेपथ्य बनले. आता कुठल्याही संहितेत बंदूक आणि वाळूचा ट्रक आणायचा तर गावाचे नाव तयार आहे. टिपणकार लिहितो : विषय दमदार. आम्ही विचारतो, त्या बाईच्या तोंडी एक तरी वाक्य असे होते का, जे ती फडात बोलली असती?

एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, आम्ही एक एकांकिका पाहिली होती. लिहिणारा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आईवडील तोडीला जाणारे. नेपथ्य म्हणून दोन मोळ्या आणि एक कंदील. मुकादम हिशेब सांगतो : एक कोयता म्हणजे नवराबायको मिळून दोन माणसे, इतकी उचल, इतके खाडे, इतकी तोड, बाकी इतकी. नटाने वजाबाकीत चूक केली. तशी मागच्या बाजूने, जिथे पालक उभे होते तिथून, एका बाईने खणखणीत आवाजात बरोबर आकडा सांगितला. नट क्षणभर थबकला, मग मुकादमाच्याच थाटात म्हणाला, ‘तू गप बस गं, वही माझ्याकडं हाय.’ सभागृहात जो हशा उठला त्यात आम्हांला एकही माणूस करमणुकीपोटी हसताना दिसला नाही. शहरातून आलेल्या परीक्षकांनी निकालाच्या वेळी प्रेक्षकांच्या बेशिस्तीबद्दल दोन शब्द सुनावले, आणि बक्षीस एका चकचकीत, मोबाइलवेडावरच्या एकांकिकेला गेले. त्या रात्रीवर कुणीही टिपण लिहिले नाही.

हे सारे समाजशास्त्र झाले, यात समीक्षा कुठे, असे साहित्याचे अध्यापक विचारतील. त्यांना आम्ही नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय उघडायला सांगू. भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून केला आहे. स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’, रोमांच, उठून उभे राहणे, या साऱ्यांची त्याने नोंद घेतली. प्रयोगात येणारे घातही त्याने मोजले : वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, मुंग्या. त्याच्या काळी जनरेटर बंद पडत नव्हता आणि ध्वनिक्षेपक शिट्टी वाजवत नव्हता, नाहीतर तेही यादीत आले असते. नाटक म्हणजे संहिता अधिक नटसंच एवढेच, ही समजूत त्याची नव्हे; ती पुस्तकी अभ्यासक्रमाची आहे. तोडीच्या हिशेबात मध्येच बोललेली ती बाई भरताला बेशिस्त वाटली नसती.

निर्मात्याने तोटा सोसून बीडला यावे, असे आमचे म्हणणे नाही. धंदा त्याचा, हिशेब त्याचा. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी ही औरंगाबादच्या रंगभूमीवर घडलेली माणसे १९९१ मध्ये ‘चारचौघी’ मुंबईत उभे करतात, २०२२ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर येते आणि आम्ही ते पाहायला घाट उतरून जातो, याचीही तक्रार नाही. जाऊ, पुन्हा जाऊ. पण परतल्यावर जे लिहायचे त्यात पुण्यातल्या हौशी लेखकाने आधीच लिहिलेले पुन्हा लिहिण्यात काय हशील? तो ते आपल्यापेक्षा बरे लिहितो, त्याला वाहनतळापासून मध्यंतराच्या वड्यापर्यंत सर्व ठाऊक आहे. त्याला जे लिहिता येणार नाही ते येथे आहे. कंकालेश्वराच्या यात्रेत उभ्या राहिलेल्या तंबूत या वर्षी कोणता वग झाला, गेवराईच्या स्नेहसंमेलनात कोणती संहिता कापून किती मिनिटांची केली आणि का, तालुक्याच्या चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला किती माणसे होती, कोणत्या दृश्याला ती गप्प झाली.

आणि राज्य नाट्यस्पर्धेच्या आयोजकांकडे आमची एक मागणी आहे. बीडच्या संघांची प्राथमिक फेरी एकदा वैशाखात घेऊन पाहावी, संध्याकाळी सातला, जिल्ह्याच्या नाट्यगृहात नव्हे तर वडवणी किंवा धारूरच्या बाजारतळावर. उन्हाळ्यात पंख्यांच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत, ही अडचण आम्हांला सांगितली जाईल. बाजारतळावर पंखे नसतात.